खांदा तुमचा, कान माझा

बावा, तुमच्याशी बोलायचं तर आता कागदच हवा. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि माझा लिहिण्याचा सराव किती ते तुम्हाला माहीतच आहे. चौथी पास, तीही मास्तरांच्या मेहेरबानीने. नातीची जुनी वही घेतलीये, पुढून तिची गणितं आहेत, मागून मी लिहितेय. मघाशी येऊन विचारून गेली, "दादी, हू आर यू रायटिंग टू?" म्हटलं, माझ्या बापाला. "ओके," म्हणाली आणि गेली. इथल्या पोरांना कशाचंच नवल वाटत नाही.

मी दोह्यात असते, मुलाकडे, अल हिलालच्या फ्लॅटमध्ये. तुम्ही त्याला बघितलात तेव्हा तो तुमच्या ठासणीच्या बंदुकीचा गज धरून उभा राहायला शिकत होता. तुम्ही गेल्यावर तुमचा शेवटचा शब्द म्हणून ती बंदूक आम्ही चौकीत जमा केली. भावाला ती हवी होती, त्याने सहा वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं, चला, घरातली बंदूक गेली, एक कटकट संपली. आणि हा माझा पोरगा, लेथवर काम करायला आखातात आला तो कुठे चिकटावा? बंदुकांच्याच वर्कशॉपात. लुसैल शहराच्या पुढे, वाळवंटात, त्याच्या अरबाबाची स्वतःची चांदमारी आहे, नेमबाजीचं मैदान. इथे मालकाला अरबाब म्हणतात. माणूस वाईट नाही. माझ्या हातचे घावणे त्याला आवडतात, मला यम्मा म्हणतो, म्हणजे आईच. पण शौक मोठा. दरवर्षी आफ्रिकेत जाऊन रानरेडे मारतो, आणि त्याच्या डाव्या खांद्याशी दुर्बीण घेऊन माझा मुलगा उभा.

त्या बंदुका तुम्ही बघायला हव्या होत्या. गोळी माझ्या अंगठ्याएवढी. तुमची बंदूक लाथ मारायची, ही बैलासारखी शिंग खुपसते. दोन वर्षांपूर्वी अरबाबाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाला, आता धक्का नको. मग माझ्या मुलाने नळीच्या तोंडाला आटे पाडले आणि त्यावर एक पोलादी तोंडी बसवली, बाजूंना भोकं असलेली, आखूड बासरीसारखी. तिला मझल ब्रेक म्हणतात. घरी आणून दाखवली मला, जावई दाखवावा तशी. "आई, कुकरची वाफ शिटीतून वर जाते ना? तशी इथे बाराची वाफ सरळ न जाता बाजूने आणि जराशी मागे जाते. जाताना बंदुकीला पुढे ओढते. खांद्याला धक्का निम्मा." मी म्हटलं, आणि कुकरच्या बाजूला कोण उभं असतं? तो हसला. "मी. कानाला टोपणं लावतो ना मी."

चांदमारीवर लावतो. जंगलात नाही. जंगलात रेडा झुडपात कुठे फुरफुरतोय ते ऐकावं लागतं, तिथे कान झाकून चालत नाही. हे त्यानेच कधीतरी सांगितलेलं, मी मनात ठेवलेलं.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी जेवताना सुनेने उजवीकडून डाळ हवी का विचारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती त्याच्यावर खेकसली तेव्हा त्याने अख्खं तोंड वळवून तिच्याकडे पाहिलं. नुसते डोळे नाही, अख्खं तोंड, डावा कान पुढे करून. सून म्हणाली, "लक्ष कुठे असतं तुमचं!" मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. साठ वर्षं मी असंच तोंड वळवत आलेय, बावा, फक्त दुसऱ्या बाजूला.

तुम्हाला हे ठाऊक नाही. ऐका आता.

मी दहा वर्षांची आहे. भात पोटरीला आलंय, डुकरं रोज पहाटे वरच्या कोंडीच्या शेतात उतरतायत. डुक्कर पाडायचात तुम्ही, पण आपल्याला हराम, हात लावायचा नाहीत. कुणबीवाडीवाले येऊन उचलून न्यायचे आणि बंदूकवाल्याच्या वाट्याची नाचणी आपल्या घरी पाठवायचे. पोरीला कशाला नेता, असं आई ओरडायची, तुम्ही म्हणायचात, हिचे पाय वाजत नाहीत. मी तुमच्या उजव्या हाताला, बार पेटवणाऱ्या केपांची डबी मुठीत. उजाडलंय. तुम्ही दारू ओतता, चिंधी घालता, गजाने ठासता. तेवढ्यात बांधावर खोत येतो, तुम्ही त्याच्याशी हद्दीच्या दगडावरून वाद घालता, चांगला तासभर. तो जातो. तुम्ही परत दारूचं शिंग उचलता आणि परत ओतता. मी बघतेय. भरलेल्या नळीत दुसरा बार भरताय तुम्ही. गज वीतभर वर राहिला तरी तुमचं लक्ष खोताच्या पाठीकडे. माझ्या तोंडाशी शब्द आलेला. पण आदल्याच दिवशी तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलेलं: मोठी माणसं काही करत असताना मधे तोंड घालायचं नाही. मी तोंड मिटलं. केप दिली.

तुम्ही बांधावरून खाली पडलात. डुक्कर पळालं. तुमचा खांदा काळानिळा, आईने आठ दिवस आंबेहळद लावली, गाव बघायला आलं. तुम्ही दारूला शिव्या घातल्यात, खोताला घातल्यात. माझ्या डाव्या कानात त्या दिवशी जी शीळ सुरू झाली ती अजून आहे, आत्ता लिहिताना पण. खांद्याला हळद लावता येते. कानाचं काय दिसतं कोणाला?

पुढे तुम्ही पडवीतून हाक मारलीत, पाणी आण म्हणून. मी हिंडोळ्यात नव्हते की झोपले नव्हते, समोर मासळी साफ करत बसलेले, डावी बाजू तुमच्याकडे. नाही ऐकू आलं. तुम्ही उठून थोबाडीत दिलीत. "माजलीस का?" मी म्हटलं, हो, ऐकलं होतं, मुद्दाम नाही उठले. आणखी एक खाल्ली. बहिरी म्हटलं असतं तर तुम्ही मला रानात नेणं बंद केलं असतंत. तेव्हापासून सगळे म्हणतात, हिची जीभ तिखट. ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी गप्प बसले, त्याची भरपाई चाललीये.

तर मी मुलाला गॅलरीत गाठलं. म्हटलं, उजवा गेला ना? तो म्हणाला, "काही गेलं नाही. सर्दी आहे." म्हटलं, ही सर्दी माझ्या ओळखीची आहे. मग बसला. म्हणाला, पुढच्या आठवड्यात आफ्रिकेची फेरी आहे. अरबाबाला कळलं तर नेणार नाही, वर्कशॉपात बसवेल, नाहीतर कायमचा गावी पाठवेल. "दुसरा उपाय नाही का?" तर म्हणाला, आहे. सायलेन्सर. थर्मासएवढी नळी, आत कप्पे, वाफ कप्प्याकप्प्यात फिरून थंड होते. सिनेमात दाखवतात तसं फुस्स नाही होत, बार वाजतोच, पण कानाला चावत नाही, आणि धक्कासुद्धा कमी. कागदपत्रं करून मागवलेला तिजोरीत पडलाय. अरबाबाला आवडत नाही. बंदूक शेवग्याच्या शेंगेसारखी लांब होते, तोंडाकडे जड होते, झुडपात अडकते, आणि दोस्त हसतात. "तू मधे बोलू नको, आई. शपथ आहे तुला. माझ्या कानाचा शब्द त्याच्यासमोर काढायचा नाही." मी शपथ घेतली. कानाचा शब्द काढायचा नाही.

फेरीच्या आधीच्या शुक्रवारी घावण्यांचा डबा घेऊन मी त्याच्याबरोबर चांदमारीवर निघाले. वाटेत तीनदा विचारलं, ब्रेक काढून नुसती बंदूक चालवेल का तुझा अरबाब? उत्तर नाही. मला वाटलं रागावलाय. लुसैलचे काचेचे मनोरे मागे पडले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इथे गाडी चालवणारा डावीकडे बसतो. माझा डावा कान त्याच्याकडे, त्याचा उजवा माझ्याकडे. दोन मेलेले कान एकमेकांकडे तोंड करून बसलेले. तोही कदाचित काही बोलला असेल.

अरबाब खूश होता. डबा उघडून उभ्यानेच दोन घावणे खाल्ले. मग बंदूक लावली, मला काचेमागे जायला सांगितलं. मी म्हटलं, "नहीं. मेरा बेटा जिधर खडा रहता, मैं उधरच खडी रहेगी." अरबाब हसला, "यम्मा, तुम गिर जाएगा." म्हटलं, "तो तुम खडा रहो. एक बार. बंदूक उसको दो." पन्नाशीचा मालक, चार कामगार बघतायत, आणि त्याच्या नोकराची म्हातारी आई त्याला नोकराच्या जागी उभं राहायला सांगतेय. मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या पोटात लाथ मारली. अरबाबाने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, आणि म्हणाला, "यल्ला." म्हणजे चला.

सगळ्यांच्या कानांवर ती जाड टोपणं चढवली. मुलाने नेम धरला. अरबाब त्याच्या डाव्या खांद्याशी, दुर्बीण घेऊन. बार झाला. मी चार हात मागे होते तरी दात हलले. अरबाबाच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल उडून मागच्या वाळूत पडला. त्याने गालाला हात लावला, कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखा. मग टोपणं काढली. मुलाने काढली. मी म्हटलं, "जंगल में तो कान पे ये भी नहीं रहता." एवढंच. कानावरच्या टोपणांचा शब्द, मुलाच्या कानाचा नाही. शपथ मी मोडली नाही.

पण अरबाब मूर्ख नाही. तो हळूच मुलाच्या उजव्या बाजूला गेला, रुमाल झटकत, आणि पाठीमागून साध्या आवाजात त्याचं नाव घेतलं. मुलगा बंदूक पुसत राहिला. परत घेतलं. पुसतच राहिला. त्या वाळूवर मी एकटी उभी, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं, वळ रे, वळ. बावा, पडवीतून तुम्ही मला हाक मारलीत तेव्हा मी तुम्हाला कशी दिसत असेन ते त्या दिवशी बघितलं.

अरबाब ओरडला नाही. ब्रेकवर बोट ठेवून म्हणाला, "खलास. निकालो." तिजोरीतून सायलेन्सर आला, मुलानेच चढवला. अरबाबाने पाच बार मारले. आवाज होताच, पण दार आपटल्यासारखा, दात हलवणारा नाही. खांदा चोळून बघितला, मान हलवली. मग मुलाच्या डाव्या कानाशी येऊन म्हणाला, आधी डॉक्टर. या वेळी आफ्रिकेला तू नाही.

परतताना मी मागच्या सीटवर त्याच्या पाठीशी बसले, म्हणजे त्याच्या चांगल्या कानाशी माझं तोंड येईल. तो म्हणाला, "बोललीसच ना." मी म्हटलं, कानाचा शब्द काढला नाही. "त्यापेक्षा काढला असतास तर बरं झालं असतं. तमाशा केलास." डॉक्टर म्हणाला, उजव्याचं गेलेलं परत येणार नाही, डावा अजून शाबूत आहे, सांभाळा. गावी पाठवलं नाही कोणी, वर्कशॉपात आहे. अरबाब सायलेन्सर लावून दुसऱ्या माणसाबरोबर आफ्रिकेला गेला. माझा मुलगा जेवायला बसतो, उठतो, माझ्याशी बोलत नाही. तीन आठवडे झाले. बोलू नको म्हणावं. डावा कान आहे ना, माझं सगळं ऐकतो.

हे तुम्हाला सांगायचं कारण वेगळंच आहे. सुनेने काल विचारलं, तुमचे वडील शेवटी काय म्हणाले होते, बंदुकीबद्दल? मुलाच्या डोक्यात तोच विषय बसलाय, आजोबांनी बंदूक का सोडली म्हणून. मी नेहमीचं सांगितलं. तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून म्हणालात, चौकीत जमा करा.

खाट भिंतीला लागून होती, भाऊ माझ्या उजवीकडे, मी चमच्याने पाणी घालत डावीकडे वाकलेले. तुमचे ओठ माझ्या डाव्या कानाला लागले. मान फिरवली असती तर सगळ्यांना कळलं असतं. मी मान नाही फिरवली. तुमचा श्वास गरम लागला तेवढं कळलं. सगळे विचारायला लागले, काय म्हणाले, काय म्हणाले, आणि मला ती बंदूक घरात नको होती.

नात वही मागतेय. ही पानं फाडून घेते आणि पिठाच्या डब्याखाली ठेवते. तुम्ही काय म्हणालात, बावा, ते मला ऐकूच आलं नव्हतं.