क्रमांक सातच्या पायऱ्या

८ ऑक्टोबर

यादी आज कंपनीच्या पर्यटनाच्या साइटवर चढली. 'कोकण किनारा : फाइन डायनिंगची बारा ठिकाणं'. वर माझं नाव. प्रत्येक ठिकाणाखाली हिरवा शिक्का : 'आम्ही इथं जेवलो आहोत'.

मी समुद्र पाहिलेला नाही. कामरगावात, वांग्याच्या वावराकडे तोंड करून बसून, नऊ दिवसांत बारा हॉटेलं लिहिली. फोटो, लोकांचे अभिप्राय, उपग्रहाचा नकाशा, फोन. शिक्का कंपनी लावते, मी नाही.

(हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.)

बाबांनी अक्षर मोठं करून सगळी वाचली. सात पदार्थ, एकामागून एक, दर पदार्थाला नवं ताट, हे त्यांना फार आवडलं. "सात डाव ताट बदलते, अन् घरी दोडका पाहून उठून जाते." उन्हाळ्यात मी दोन महिने पुण्याच्या ऑफिसात होते, तेव्हा कंपनीनं कोकणात फिरवलं असं ते धरून चालले आहेत. मी तसं म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

१२ ऑक्टोबर

वानखडे सर आले होते. आठवी ते दहावी गणित त्यांनीच शिकवलं. बारावीनंतर बाबांना वावरात गाठून, पोरीले अमरावतीले इंजिनिअरिंगले टाक, हेही त्यांनीच सांगितलं. आता निवृत्त. हातात माझ्या यादीचा प्रिंट, कॉम्प्युटरच्या दुकानातून काढून आणलेला. लाल पेनानं खुणा. एक शुद्धलेखनाची चूक सापडली त्यांना. बरोबर होती.

क्र. ७ ला गोल केलेला. समुद्राच्या अगदी कडेला, टेबलावरून सूर्य बुडताना दिसतो, मी लिहिलंय तसं. शांताकाकूंना न्यायचंय म्हणाले. काकूंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, डावी बाजू गेली. वॉकर धरून सपाटीवर चालतात. एक पायरीसुद्धा चढउतर होत नाही. निवृत्त झाल्यावर समुद्र दाखवीन असं सरांनी त्यांना लग्नाच्या वेळीच कबूल केलेलं.

"पायऱ्या शून्य लिहिलं हाय तू."

"हो सर."

"तू सोता गेलती ना?"

बाबा समोर बसले होते. चहा आला होता.

"हो."

सर चहा प्यायले, प्रिंटची घडी करून खिशात ठेवली. टेबल राखायचा फोन कसा करायचा ते मी समजावून सांगितलं. अगदी नीट सांगितलं.

१३ ऑक्टोबर

शून्य कुठून आलं ते लिहून ठेवते.

क्र. ७ ला यादी करताना दोनदा फोन केला. पावसाळ्यात बंद असतं, उचलला नाही. फॉर्ममध्ये 'पायऱ्या' हा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं जात नाही. नकाशावर मोजलं, रस्त्यापासून दारापर्यंत २० मीटर. वीस मीटरमध्ये काय असणार. शून्य टाकलं.

आज परत फोन करता आला असता. केला नाही. नकाशावर उंचीचा थर चालू करायला दोन क्लिक लागतात. तेही नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर सरांकडे जावं लागलं असतं.

२ नोव्हेंबर

सर आणि काकू सकाळी निघाले. सरांचा पुतण्या जीप चालवतोय. वाटेत मुक्काम करत जाणार. काकूंनी नवी साडी नेसली होती, रस्त्यावरच्या सगळ्यांना हात केला. मला जवळ बोलावून म्हणाल्या, तिथं हातानं खाल्लं तर चालते का? म्हटलं चालतं. ते खरं होतं, अभिप्रायांत वाचलंय.

दिवसभर काम झालं नाही.

५ नोव्हेंबर

सरांचे फोटो आले. चार. समुद्र. पांढरा कपडा घातलेलं टेबल. मोठ्या ताटात मधोमध एक छोटा मासा, त्यावर काहीतरी हिरवं. चौथा : वरून काढलेला, खाली कौलारू छप्पर, तिथवर जाणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या.

काकू कशातच नाहीत.

उंचीचा थर आता चालू केला. रस्ता १८ मीटर. हॉटेल ४.

आमच्याकडे रस्त्याला लागून म्हणजे रस्त्याच्या पातळीवर. दुकान असो, गोठा असो, शाळा असो. कामरगाव ते कारंजा कुठंही जीप थांबवा, उतरलं की आत. वरून वीस मीटर दिसले की वीस मीटर चालायचं, दुसरं काही डोक्यातच येत नाही. तिकडं रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो आणि घर त्याच्या पायाशी असतं. उपग्रहाच्या चित्रात उंची नसते, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. सर्वेक्षणाच्या विषयात मी कॉलेजात पहिली होते.

सरांना 'छान' एवढंच पाठवलं.

९ नोव्हेंबर

परत आले. सर संध्याकाळी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत होते म्हणे. पोरीनं लिहिलं तसंच्या तसं निघालं. एक एक पदार्थ नावानिशी. बाबा भाजी देऊन येताना थांबून ऐकत राहिले. घरी आल्यावर त्यांनी माझ्या खोलीतला पंखा कधीचा आवाज करत होता तो दुरुस्त केला.

मला वाटलं कदाचित. कदाचित दुसरी वाट असेल, गाडी खालपर्यंत जाणारी. दोन तास नकाशावर शोधली. नाही.

११ नोव्हेंबर

काकूंकडे गेले. सर बँकेत गेलेत हे पाहूनच गेले.

काकू खाटेवर बसून मेथी निवडत होत्या, उजव्या हातानं, जुडी मांडीत दाबून. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

पाच वाजता पोचले. जीप थांबली, पाहतात तर खाली पायऱ्याच पायऱ्या. सर म्हणाले, आपण चुकीच्या जागी आलो. पुतण्यानं पाटी दाखवली, नाव तेच होतं. सर ऐकेनात. वर आलेल्या वेटरला विचारलं, याच नावाचं दुसरं हॉटेल आहे का. तो नाही म्हणाला. तरी जीप वळवली. दीड तास त्या किनाऱ्याच्या रस्त्यानं वर-खाली फिरले, खरं हॉटेल शोधत.

"मी म्हनलं, अवो, हेच असन. तं म्हने, नाई, पोरगी चुकत नाई. तिनं शून्य लिहिलं हाय."

शेवटी तिथंच परत. तोवर सूर्य बुडाला होता. दोन वेटर खुर्ची घेऊन वर आले, काकूंना उचलून नेऊ म्हणाले. काकू नको म्हणाल्या.

"मी काय देव हाओ का, पालखीत बसाले? पडली असती तं त्यायच्या नोकऱ्या गेल्या असत्या."

मग सरांना एकट्याला पाठवलं. टेबल राखलेलं, लोक वाट पाहत होते. सरही आधी जाईनात.

"मी म्हनलं, तुमी जा. इतक्या दूर येऊन दोघंही उपाशी कायले? तुमी खा, अन् मले येऊन सांगा कसं लागते."

सर गेले. दर पदार्थानंतर वर यायचे. पायऱ्या चढून यायचे, जीपच्या खिडकीत उभं राहून सांगायचे, परत उतरायचे. चार वेळा. मग काकूंनीच बंद करायला लावलं, धाप लागत होती म्हणून. पुतण्यानं नंतर काकूंसाठी डब्यात भरून आणलं ते थंड होतं. तिखट कमी होतं.

"चौऱ्यांशी पायऱ्या हायेत. सरायनं मोजल्या."

१४ मीटर भागिले ८४. १६.७ सेंटिमीटर. माझ्या डोक्यानं तिथं बसल्या बसल्या भागाकार केला. मला थांबवता आला नाही.

निघताना काकूंनी मेथीची जुडी दिली. आमच्याच वावरातली असणार. म्हणाल्या, सर म्हणतात पायऱ्या नवीन बांधल्या असतील, तू गेलीस तेव्हा नसतील. मनाला लावून घेऊ नको.

घरी येऊन चौथा फोटो मोठा करून पाहिला. पायऱ्यांच्या कडांना शेवाळ आहे. दगड मधोमध झिजलेत. सर त्यांवरून पाच वेळा चढले-उतरले आहेत.

त्यांना माहीत आहे.

१३ नोव्हेंबर

निखिलला फोन केला, पुण्यातला माझा वरिष्ठ. क्र. ७ ची माहिती चुकीची आहे, शिक्का काढा, बाराही ठिकाणांचा. त्यानं शांतपणे ऐकलं. पायऱ्यांचा आकडा दुरुस्त कर म्हणाला, चांगलं केलंस सांगितलंस. शिक्का सगळ्याच याद्यांवर आहे. एकीवरचा काढला तर लोक बाकीच्यांबद्दल विचारतील. 'आम्ही' म्हणजे कोणी ना कोणी जेवलेलं असतंच, म्हणाला. तो चिडला नाही. मीही चिडले नाही. तेच वाईट वाटलं.

० चं ८४ केलं. अर्धं मिनिट लागलं.

१६ नोव्हेंबर

मंगरूळपीरहून फोन. अनोळखी माणूस, दवाखान्यात कंपाउंडर आहे. वानखडे सरांनी नंबर दिला म्हणाला. आईला घेऊन पुढच्या आठवड्यात जातोय, क्र. ४ ला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सर म्हणाले, त्या पोरीला विचार, तिनं सगळं पाहिलंय.

सर असं का म्हणाले असतील? माहीत असून. दिवसभर तेच.

त्याला सांगितलं. मी गेले नव्हते, नकाशावरून लिहिलं, हॉटेलला स्वतः फोन करून विचारा. पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि तेही अनोळखी माणसासमोर.

"मंग लिहिलं कायले?"

मी हॉटेलचा नंबर वाचून दाखवला. त्यानं धन्यवाद म्हणून ठेवला. धन्यवाद म्हणाला.

१७ नोव्हेंबर

सरांकडे गेले. ते ओसरीत वर्तमानपत्र वाचत होते, काकू आत झोपलेल्या. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, चार वाक्यं. दोनच बोलले. मी कोकणात गेले नव्हते. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले.

सरांनी पेपरची घडी घातली. मंगरूळपीरच्या माणसाचा फोन आला होता का, एवढं विचारलं. आला होता म्हटलं. खरं सांगितलं का. सांगितलं. मान हलवली. म्हणजे त्यासाठीच नंबर दिला होता. दहावीत फळ्यावर चुकलं की सर सांगायचे नाहीत, बाकावर जाऊन बसायचे, आपली चूक आपल्याला दिसेपर्यंत.

मी म्हटलं, तुम्ही स्टँडवर तसं का सांगितलं सगळ्यांना.

"खरं सांगतलं असतं तं तुह्या बापानं ऐकलं नसतं का?"

मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर उठून येता आलं असतं.

"सातवं चुकलं. बाकीच्या अकराचं काय?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

"पाहून घे. अन् काकूले तू सांग. त्या पायऱ्या नव्या हायेत असं मी तिले एक डाव सांगितलं. आता मी नाई बोलनार."

२१ नोव्हेंबर

अकराही ठिकाणी फोन झाले. जे उचलत नव्हते त्यांना दिवसातून तीनदा.

क्र. १ : दोन पायऱ्या, लिहिल्या होत्या शून्य. क्र. ३ : वर्षभर झालं बंद. क्र. ४ : सपाट, पण शेवटचे पन्नास मीटर वाळू; मंगरूळपीरच्या माणसाला कळवलं. क्र. ९ : लाकडी जिना. क्र. ११ : बरोबर; तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्ही आमच्याकडे कधी जेवलात? म्हटलं, नाही जेवले. त्या हसल्या. या एकदा, म्हणाल्या. बाकी सहाही बरोबर निघाले. बरोबर निघाले ते नशिबानं.

सगळं दुरुस्त केलं. बारा हिरवे शिक्के तिथंच. निखिलला लेखी पाठवलं, शिक्का राहणार असेल तर माझं नाव काढा. उत्तर नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

२३ नोव्हेंबर

काकूंकडे काल जाऊन आले, शेजारीण बसली होती, परत आले. आज पुन्हा गेले. शेजारीण आजही होती, दारात पाय सोडून. सर आत चष्मा पुसत होते, बाहेर आले नाहीत.

काकू तिला जेवण सांगत होत्या. आधी छोट्या वाटीत गुलाबी कढी आली, आंबट, नारळाची. मग तो मासा, केळीच्या पानात भाजलेला, वर कोथिंबिरीचं काहीतरी. ताट कसं गरम करून आणतात. सूर्य कसा पाण्यात टेकतो आणि मग एकदम जातो, ते माझ्या यादीतलं. बाकी सरांनी जीपच्या खिडकीत जे सांगितलं ते सगळं, शब्द न् शब्द. आपण तिथं बसलो नव्हतो, हे त्या सांगत नव्हत्या. शेजारणीनं विचारलंही नाही.

मी उभी. वाटलं, हे सांगून होऊ दे, मग बोलते. मग वाटलं, संपलं की त्या माझ्याकडे वळून म्हणतील, हिच्यामुळं. आणि तसंच झालं. "ह्या पोरीमुळं," त्या म्हणाल्या. "आता तिथं पायऱ्या बांधून ठेवल्या मेल्यांनी. ही गेलती तवा नव्हत्या."

"काकू, त्या पायऱ्या नवीन नाहीत."

आत सरांचा चष्मा पुसणारा हात थांबला की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

"मंग?" काकू म्हणाल्या.

शेजारीण उठली नाही. मी वाट पाहिली, तरी उठली नाही. तेव्हा तिच्या बाजूला खाली बसले, आणि काकूंना सांगितलं, मी तिथं कधी गेलेच नव्हते, शून्य अंदाजानं टाकलं होतं.