छबूसाठी धरलेला उपास

२१ फेब्रुवारी १९१२, बुधवार. घाटनांदूर.
आजपासून उपास धरला! दिवस मावळेपर्यंत नुसतं पाणी, मावळल्यावर अर्धी भाकरी. सुनेची, छबूची सुटका होईपर्यंत सोडणार नाही. मागच्या खेपेला तिचं लेकरू पोटातच गेलं — तेव्हा मी दोन्ही वेळ जेवून प्रार्थना करत होते. भरल्या पोटाची प्रार्थना! या वेळी तसं नको.
माझा लेक आश्रुबा जालन्याला मिशनच्या शाळेत मास्तरकी शिकतोय. जाताना एवढंच म्हणाला — "आई, जप हिला."

२३ फेब्रुवारी
मीठ आणायला गेले. दुकानदारीण गंगासागरबाई ऐकून हसली. "भगर न्हाई, शेंगदाणे न्हाई, मंग कसला ओ बाई तुमचा उपास! उपासाला आमी तर दुप्पट खातो." मीही हसले. लई दिवसांनी.

२५ फेब्रुवारी, रविवार
उपासना झाल्यावर पाळकांना सांगितलं. म्हणाले, "बाई, उपासानं देवाचा हात पिरगळायचा नसतो. आपलं मन मऊ व्हावं म्हणून तो." मी मान हलवली. पण मऊ मन घेऊन काय करू? आमचे हे प्लेगात गेले तेव्हा मऊच होतं की. त्यांच्या मागं त्यांच्याच पवित्र शास्त्रावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायला शिकले — तेही रडत रडत. आता रडायचं नाही. मला बळ पाहिजे!

२७ फेब्रुवारी
छबू पाणी आणताना वाटेत मटकन बसली. भोवळ. चेहरा पिवळा पडलाय.
"जेवलीस ना?"
"व्हय, जेवले की."
दुपारी ती भाकरी करते, मी आतल्या खोलीत दार लावून गुडघे टेकते. भाकरीचा वास येतो तेव्हा जास्त मोठ्यानं प्रार्थना करते.

२८ फेब्रुवारी
भूकच लागत नाही आता. अंग पिसासारखं, मन घट्ट. बळ येतंय — नक्की येतंय!

२९ फेब्रुवारी
छबू दाराशी येऊन उभी राहिली. "आत्याबाई, कालच्यापून पोटात हालंना झालंय."
सुईण मुक्ताबाई परळीकडं बाळंतपणाला गेलीय. निरोप धाडला. माझंच काहीतरी कमी पडतंय. रात्रीची अर्धी भाकरीही बंद. छबूला सांगितलं, "आता सुटका होईपर्यंत मी कणभर खाणार नाही." ती माझ्याकडं बघतच राहिली.

१ मार्च
मुक्ताबाई नाही आली.

२ मार्च
छबूच्या पोटावर हात ठेवून बसले. काही नाही. छबूला उठवत नाही. प्रभू, माझं घे — तिचं नको!

३ मार्च, रविवार
मुक्ताबाई आली. छबूच्या पोटाला कान लावून लई वेळ बसली. मग माझ्यावरच ओरडली — "जीव हाय अजून. पण हिच्या पोटात अन्न कुठं हाय? लेकरू हालंल कशाच्या बळावर?"
"जेवते की ती!" मी म्हटलं.
छबू रडायला लागली. "आत्याबाई उपाशी, अन् सुनंनं कसं जेवावं? तुमी अर्धी खायच्या, मंग मी पाव खायची. दुपारची शेळीला टाकायची. तुमी ती बी सोडली..."
मुक्ताबाईनं कपाळाला हात लावला. "देवाशी बोलाया येतं तुला, बाई. सुनंशी न्हाई?"
मी चूल पेटवली. भाकरी थापली, दुधात कुस्करून छबूपुढं ठेवली. तिनं हात लावला नाही. माझ्याकडं बघत राहिली. मग मी तव्यावरच्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. चावला. गिळला. तेव्हा तिनं पहिला घास घेतला.