मीठपाण्याची बाटली

रविवार, १४ तारीख

प्रिय ठमाबाईस,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं झकास आहे. तुझ्या काकाच्या गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे, पण फिरायला माझ्या पुढे पळतो.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की खरं सांगायचा धीर होत नाही, म्हणून.

पायांना सूज आली आणि डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, तेव्हा तू तासभर समजावलं होतंस. मूत्रपिंड रक्त गाळतं, मग गाळलेल्यातलं मीठ पुन्हा आत ओढून घेतं. गोळी ते ओढणंच अडवते. मीठ बाहेर पडतं आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. इतकं छान सांगितलंस की मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं.

पुढची अक्कल मात्र माझी. म्हटलं, एवढं मीठ जातंय तर भरून नको का काढायला? म्हणून गोळीवर रोज पेलाभर मीठपाणी पीत होतो. डॉक्टर विचारायचे, "जेवणात मीठ किती?" मी छाती काढून सांगायचो, "चिमूटभरही नाही!" जेवण खरंच अळणी होतं गं.

सूज काही उतरेना. गोळी लागू पडत नाही, असं समजून तू प्रयोगशाळेतली नोकरी सोडून इथे यायचं ठरवलंस. दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांसमोर गोळी घेतली आणि वर सवयीने मीठपाण्याची बाटली तोंडाला लावली. ते असे ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

बाटली तिथेच बंद झाली. चाळीस वर्षं लोकांच्या पायांची मापं घेऊन बूट शिवले, आता रोज सकाळी स्वतःच्या घोट्याला फीत लावतो. आठवड्यात घेर दीड इंच उतरला.

तू फोनवर सुजेचं विचारलंस, तेव्हा मी म्हणालो, "तशीच आहे."

का, ते लिहिताना तीन कागद फाडले. तू येणार म्हणून मी तुझी खोली झाडली होती, गादी उन्हात टाकली होती. सूज उतरली म्हटलं असतं, तर तू आली नसतीस.

पण असल्याच औषधांवर काम करणारी पोर ते काम टाकून माझ्या बऱ्या झालेल्या पायांशी बसणार, हे मला पचणार नाही. महिनाअखेरीला राजीनामा देऊ नकोस. रागव, बोल लाव, दोन दिवस फोनही करू नकोस. मग सुट्टी काढून ये. पायांसाठी नको. मला तुला बघायचंय, म्हणून ये.

बूट घालून, दाराकडे बघत बसलेला,
तुझा खोटारडा बाबा