निळ्या काखांचा खुलासा

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा कमरेत वाकून नमस्कार. आपला डावा गुडघा हल्ली कितपत वाकतो ते कळवावे (अंशांत कळवल्यास उत्तम). ताईने तीन महिने माझ्याशी अबोला धरला आहे, तेव्हा तिची खुशालीही तुमच्याकडूनच घेणे आले.

अबोल्याचे कारण तुम्ही जाणताच. तुमच्या दुकानातल्या निळ्या कापडाचा शर्ट मी स्वतःसाठी शिवला (शिवणकाम मी कुणाकडे शिकलो नाही, हेही जाणताच) आणि पहिल्याच दिवशी आतल्या बनियनच्या काखा निळ्या. मी उरलेले कापड अठ्ठेचाळीस तास भिजवले, पाऊण तास उकळले. पाणी नितळ! म्हणजे कापड लबाड. पाण्याला दाद देत नाही, माणूस बघून रंग सोडते. म्हणून मी माझ्या शिवणकामाच्या दुकानाबाहेर पाटी लावली, 'माझ्या दाजींचे कापड रंग सोडते.' (अक्षर सुबक होते, हे ताईही नाकारणार नाही.) मग दुसऱ्या दुकानातून पांढरे कापड आणले. तेही काखेत निळे. त्या दुकानदारालाही पाटीवर जागा दिली. शेवटी वैतागून उघड्या अंगाने मशीनवर बसलो, तर बायको म्हणाली, "अहो, ही कातडी कुठल्या दुकानातून आणलीत?"

डॉक्टरांनी कापसाचा बोळा काखेत फिरवला. निळा! घामालाच रंग येण्याचा हा विकार म्हणे फार दुर्मिळ, जिवाला धोका नाही. त्यांनी कागदावर 'निळा' असे मोघम लिहिले होते, ते खोडून मी 'मोरपंखी, उजवीकडे किंचित गडद' अशी दुरुस्ती केली.

"इथे डॉक्टर कोण?" ते म्हणाले.

"रंगापुरता मी," म्हटले.

तर, कापड निर्दोष आहे. यावरून मी चुकलो असा अर्थ काढू नये. कपड्याच्या आतला माणूस तपासणे शिंप्याच्या कामात येत नाही.

आपला,
(लाखात एक) मेव्हणा

ता. क. पाटी उतरवली आहे.

ता. क. २. रोज सकाळी साडेसातला ताईचा फोन यायचा. हल्ली साडेसातला मी फोन नुसता पुसून ठेवतो.

ता. क. ३. माफी मागायला तीनदा बसलो, मजकूर काही जमेना. म्हणून तुम्ही दोघांनी मला माफ केल्याचे पत्रच लिहून सोबत जोडले आहे. फक्त सह्या हव्यात. ताईसाठी सात सेंटिमीटर जागा सोडली आहे. तिला चार शब्द सुनावायचे असतील, तर मागची बाजू पूर्ण कोरी आहे.