मागची खोली आणि त्याचे स्पीकर

३ जून
माझी मापं घ्यायची टेप गायब! नवऱ्याने नेली. खोली मोजायला म्हणे — आणि खिशात घालून चालला ऑफिसला. वेंधळा!

मागची खोली मला शिलाईला हवी, हे वर्षभर कानीकपाळी ओरडतेय. दोन मशिनं, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं बैठकीत. आणि ह्या गृहस्थाला तिथे गाणी ऐकायचीत.

५ जून
डब्याएवढा तो अ‍ॅम्प्लिफायर, त्यासाठी महिनाभर अभ्यास! जेवताना विचारतो, "छोट्या खोलीला तीस वॅट पुरतील ना?" लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हता. दोघांनीही.

८ जून
दुकानात गेलो. मुद्दाम गेले, नाहीतर भलतंच काही गळ्यात मारून घेतलं असतं. दुकानदार म्हणाला, "मोठे स्पीकर लहान खोलीत नुसते घुमतात. हे छोटे घ्या, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा." हा डोळे मिटून ऐकत बसला — दूध पिणाऱ्या मांजरासारखा!

मग म्हणतो, "पलीकडे म्हातारी माणसं आहेत, त्यांना त्रास नको." आमच्या भिंतीपलीकडे रस्ता! मी तिथल्या तिथे सुनावलं, "कुठली म्हातारी? अक्कल गहाण ठेवलीस का?" दुकानदार हसला. शेवटी सगळ्यात स्वस्त जोडी घेतली. पावतीवर पत्ता त्यानेच लिहिला, फोन उचलत नाही म्हणून दुसरा नंबर माझा.

९ जून
नणंदेचा फोन. "वहिनी, असू दे ना त्याला एवढी एक हौस."
"मग तूच ने तुझ्या भावाला!" म्हटलं. तो शेजारीच बसला होता. ऐकू दे.

११ जून
शेवटचं बजावलं, "खोली माझी. तुझे खोके आत येणार नाहीत."
"बरं," म्हणाला.
बस्स? वर्षभर हटून बसला आणि आता नुसतं बरं! भांडायलाही दम लागतो. शेळपट कुठला! असो. जिंकले. उद्याच मशिनं आत हलवते.

१४ जून
स्पीकर पोचवणाऱ्याचा फोन आला. "ताई, साहेब फोन उचलत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर आलोय, खोलीला कुलूप आहे. घरमालक म्हणतात, नवे भाडेकरू संध्याकाळी येतील. सामान घरमालकांकडेच ठेवू का?"

आमच्या घराला वरचा मजलाच नाही.

"ठेवा," म्हटलं. त्याचं कपाट उघडून बघायची हिंमत होत नाहीये.