पुंगळीच्या आतली खाच

बाबा, त्या शनिवाराबद्दल तुम्हाला लिहायचं बरीच वर्षं मनात आहे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तुम्हाला नेमबाजीच्या रेंजवर नेलं आणि आपल्या शाकाहारी घरातला माणूस कागदी टार्गेटवर नेम धरायच्या नादी लागला. मग उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करून तुम्ही त्या बेसमेंटमध्ये नवी दारू आणि गोळी घालून पुन्हा भरायला लागलात. आईची अट एकच होती, "माझं एकही भांडं खाली न्यायचं नाही." मी तेव्हा युनिव्हर्सिटीत धातुशास्त्र शिकत होते, वीकेंडला ईडन प्रेरी गावातल्या आपल्या घरी यायचे, आणि पितळेबद्दल तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं याची मला खात्री होती. म्हणून तुम्ही पुंगळ्या स्वच्छ करून निवडायचं पहिलं काम मला दिलंत, तेव्हा ते मला जरा हलकंच वाटलं.

त्या शनिवारी मी पन्नास पुंगळ्या लखलखीत करून तुमच्यासमोर मांडल्या. तुम्ही एक उचलली. "ही किती वेळा भरून झालीय?"

"माहीत नाही. पण अगदी नवी दिसतेय, बाबा."

"दिसतेय," तुम्ही म्हणालात, आणि टोक वाकवलेली एक बारीक तार माझ्या हातात दिलीत. "आतून बुडाजवळ फिरव." मी फिरवली. एका जागी तार किंचित अडली. तुम्ही पुंगळी शिकंज्यात धरून करवतीने उभी कापलीत. बुडाच्या थोडं वर, आतल्या बाजूने, पितळ ताणलं जाऊन कागदासारखं पातळ झालं होतं. प्रत्येक वेळी बार उडाला की ते थोडं ताणलं जातं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. "ही बंदुकीत फाटली असती तर गरम वायू मागे आला असता," तुम्ही म्हणालात. "तुझ्या तोंडावर. नाहीतर शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या. त्याने काय केलंय?" आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. कोणती किती वेळा भरली हे ठाऊक नव्हतं, म्हणून पन्नासच्या पन्नास तुम्ही मोडीत टाकल्यात. मी रागाने वर निघून गेले आणि जेवणापर्यंत खाली आले नाही.

पण शिकले. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, प्रत्येक बाराची खूण, शंका आली की पुंगळी मोडीत. वसंतात मी स्वतः निवडलेल्या आणि तुमच्या देखरेखीखाली भरलेल्या काडतुसांची पहिली फेरी उडवली, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "कोणी भरलीत?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "माय डॉटर." आज मी विमानाचे सुटे भाग तपासते. शंका आली की मी सही करायला नकार देते, आणि समोरचा कितीही मोठा असला तरी मी आवाज चढवत नाही. हे कॉलेजात शिकवलं नव्हतं.

आता राहिलेली गोष्ट. तुमच्या शेवटच्या उन्हाळ्यात, मधुमेहाने तुमच्या बोटांची जाणीव कमी झाली होती, तरी निवडायचं काम तुम्ही सोडलं नव्हतंत. तुम्ही पास केलेल्या डब्यात मला दोन खराब पुंगळ्या सापडल्या. तुम्ही विचारलंत, "सगळ्या ठीक?" मी म्हणाले, "हो, बाबा," आणि त्या दोन्ही खिशात घातल्या. त्यानंतर दर आठवड्याला तुम्ही चहाला वर गेलात की मी तुमचा प्रत्येक डबा पुन्हा तपासायचे. कोणाला इजा झाली नाही, आणि तपासलं याचं मला वाईट वाटत नाही. पण तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही रागावला असतात तर मी निभावलं असतं. तुम्ही ती तार माझ्या हातात देऊन निवडायचं काम कायमचं सोडलं असतंत, त्याला मी घाबरले.