नऊवारातले पाच वार

आई, आज कपाट आवरताना दम लागला, तशीच पलंगावर बसले आणि तुला लिहायला घेतलं. तुला वाचता येत नव्हतं. माझ्या शाळेच्या वह्या तू उलट्या धरून कौतुकानं बघायचीस. तरी लिहिते आहे. परवा सून माझ्यासाठी तीन गाऊन घेऊन आली. म्हणाली, "आई, साडी आता तुम्हाला झेपत नाही." गोडच बोलली बिचारी, तरी मी तिच्यावर खेकसले. मग अंघोळीनंतर मुकाट्यानं त्यातला एक घातला. तेव्हापासून तुझी लुगडी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलं होतं. गावाकडं, पालीच्या आपल्या खाचरात लावणीला वाकलेली असताना तुझ्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली, आणि मी तुला भोरला माझ्या दोन खोल्यांत आणलं. मी तुझी एकुलती एक, दुसरीकडे जाणार तरी कुठं होतीस. "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायाचं गं?" हे तू पहिल्या आठवड्यात विचारलंस आणि पुढं रोज विचारत राहिलीस. ह्यांची नोकरी एस.टी.त, चार-चार दिवस बाहेर. माझी शाळा. शाळेतून आले की तू कुठं पडलीस, काय सांडलंस, हे आधी बघायचं. एकदा तर शेगडीपाशी पदर पेटता पेटता राहिला. पण या सगळ्यापेक्षा मला धास्ती असायची ती सकाळच्या लुगड्याची. तू उजव्या हातानं खिडकीचा गज धरून उभी राहतेस, मी तुझ्याभोवती फेऱ्या घालत नऊ वार गुंडाळते, गाठ मारते, निऱ्या घालते, मागं कासोटा खोचते, आणि तू म्हणतेस, "घट वढ की. सुटंल चारचौघांत." चारचौघं कुठली, घरात आपण दोघीच! शाळेची वेळ टळत असायची आणि मी दातओठ खात खोचायचे. तुला ते कळत होतं, मला माहीत आहे. हळूहळू तू घट्ट ओढायला सांगायचं बंद केलंस.

मग पुण्याच्या एका संस्थेत जागा मिळाली. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सांभाळायचे तिथं. त्यांच्या कागदावर कपड्यांची यादी होती: सुती पाचवारी पातळं चार, परकर चार, पुढून बटणांची पोलकी चार, एक स्वेटर. तुझ्या ट्रंकेत होती ती लुगडी. त्यातली चार धड बघून मी रविवारी दुपारी जमिनीवर पसरली, पदराकडून पाच वार मोजले आणि कात्री लावली. उरलेल्या चार-चार वारांत परकर बसले, वर दोन उशांचे अभ्रे निघाले. चिंधीसुद्धा वाया गेली नाही म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

तू भिंतीला टेकून बघत होतीस. "आगं, चांगली धडुती कशापायी फाडतीस?"

"फाडत न्हाई, बेततीय. तुला तिकडं न्यायला."

"आन् ह्यो परकर कुनाचा?"

"तुझाच."

आधी तू हसलीस. वारं गेल्यापासून तुझं हसू एका बाजूला ओढलं जायचं. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबलीस. "न्हाण आलं तवा परकर सोडला म्या. आता म्हातारपनी पोरीबाळींवानी परकर घालू व्हय? आन् कासोटा न्हाई, मधी समदं उघडंच की गं."

"तिथला नियम हाय," मी म्हणाले. वर्गातल्या पोरांना गप्प करायचा माझा जो आवाज होता, तोच लावला. "लुगडं चालत न्हाई तिथं."

"नियम हाय, तर मंग ऱ्हायलं," तू म्हणालीस. लिहिलेल्या अक्षराला तू आयुष्यभर मान दिलास.

जायच्या दिवशी एस.टी.त तू उजव्या हातानं निऱ्या मुठीत धरून बसली होतीस. जागेवरून कोणी उठवेल अशी बसली होतीस. कापूरहोळला गाडी थांबली, बायका उतरल्या. तुलाही आडोशाला जायचं होतं, पण ते पातळ आणि परकर कसं सावरायचं कळेना, म्हणून "न्हाई, मला न्हाई" म्हणत तू स्वारगेटपर्यंत दाबून बसलीस. मी शेजारीच होते. आणि संस्थेत पोचल्यावर, तुझ्या पलंगासमोरच्या पलंगापाशी एक आया एका म्हातारीला लुगडं नेसवत होती. नऊवारी, कासोट्याचं. दोघी गप्पा मारत होत्या. तू बराच वेळ बघत राहिलीस.

"हितं चालतंय की गं," तू म्हणालीस.

मी तुझं पांघरूण सारखं केलं.

यादीच्या वर 'शक्यतो' असा शब्द होता, आई. शक्यतो पुढीलप्रमाणे कपडे आणावेत. मी तुला यादी वाचून दाखवली आणि तो शब्द गाळला. पुढं वर्षभर तू तिथं होतीस, मी महिन्याच्या महिन्याला येत होते, तू एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर भांडण तरी झालं असतं. तू गेलीस ती त्याच पातळांतल्या एकात.

इतकी वर्षं मी सांगत आले, आयांना सोपं जावं म्हणून केलं. शाळेतल्या बाईंची आई कासोटा घालून पुण्यात दिसेल याची लाजही थोडी होती, तीही कबूल. पण ते एवढंच नव्हतं. त्या गोल पातळात पलंगाच्या कडेला बसलेली तू कुणीतरी दुसरीच बाई दिसत होतीस. म्हणून मला दारातून बाहेर पडता आलं. लुगड्यातली तू मागं बसली असतीस, तर माझा पाय उचलला नसता, आणि मी इतकी दमले होते की मला जायचंच होतं. कात्री लावताना हे मला ठाऊक होतं.